पार्सन्स यांचं टर्बाइन आणि ५० हर्ट्झचा हट्ट: हळू फिरणं धोक्याचं का?

तुमच्या फोनचा चार्जर हातात घ्या आणि त्यावरची बारीक अक्षरं वाचा. इनपुटसमोर १००-२४० व्होल्ट आणि ५०/६० हर्ट्झ असं काहीतरी लिहिलेलं असेल. याचा अर्थ असा की चार्जरला ५० काय नि ६० काय, दोन्ही सारखंच. उद्या ग्रिडची फ्रीक्वेन्सी ५० वरून ४८ वर घसरली तरी तुमचा फोन आरामात चार्ज होत राहील. तुम्हाला पत्ताही लागणार नाही.

पण ही वीज जिथे तयार होते, तिथल्या वाफेच्या टर्बाइनसाठी हाच दोन हर्ट्झचा फरक जिवावर बेतू शकतो.

विचित्र वाटतंय ना? मशीन प्रमाणाबाहेर जोरात फिरलं तर तुटेल, हे कुणालाही पटतं. पण ठरलेल्या वेगापेक्षा थोडं हळू फिरलं तर काय बिघडणार? उलट आराम मिळायला हवा की!

याचं उत्तर समजून घ्यायचं असेल तर ज्या माणसाने हे मशीन जगाला दिलं, त्याच्या आयुष्यात थोडं डोकवावं लागेल. त्यांचं नाव सर चार्ल्स अल्जर्नन पार्सन्स. कोळशावर आणि अणुऊर्जेवर चालणाऱ्या वीज केंद्रांत आज जे फिरतंय, त्याचा मूळपुरुष हा माणूस. आणि वेगाशी सावधपणे कसं वागायचं, हे त्यांना आयुष्यभर शिकावं लागलं.

किल्ल्यातलं वर्कशॉप

चार्ल्सचा जन्म १३ जून १८५४ चा, लंडनमधला. पण तो वाढला आयर्लंडमधल्या बर कॅसल या घराण्याच्या किल्ल्यात. वडील विल्यम पार्सन्स म्हणजे रॉसचे तिसरे अर्ल. जमीनदार खरे, पण नाद खगोलशास्त्राचा. त्यांनी किल्ल्याच्या आवारात ७२ इंची आरशाची दुर्बीण उभी केली होती. तो आरसा त्यांनी स्वतःच्या देखरेखीखाली तिथेच ओतून घेतला होता. त्या काळातली ती जगातली सगळ्यात मोठी दुर्बीण. आई मेरी या सुरुवातीच्या काळातल्या नावाजलेल्या फोटोग्राफर.

अशा घरात मुलं शाळेत गेलीच नाहीत. शिकवायला शिक्षक घरी यायचे. त्यातले एक, रॉबर्ट बॉल, पुढे मोठे खगोलशास्त्रज्ञ झाले. पुस्तकं बाजूला ठेवली की मुलं भट्टी, लेथ आणि हातोड्यांत रमायची. चार्ल्स सगळ्यांत धाकटा. लहानपणापासून हाताला धातूची सवय.

पण याच घरात एक वाईट दिवसही आला. पार्सन्स कुटुंबाने वाफेवर चालणारी एक गाडी बनवली होती. ३१ ऑगस्ट १८६९ ला बर गावात ही गाडी एका वळणावर वळत असताना मेरी वॉर्ड खाली पडल्या आणि चाकाखाली आल्या. त्या घराण्यातल्याच नातेवाईक, आणि सूक्ष्मदर्शकावर पुस्तकं लिहिणाऱ्या अभ्यासक. त्या तिथेच गेल्या. स्वयंचलित वाहनाच्या अपघातातला जगातला पहिला नोंदलेला मृत्यू बहुतेक ठिकाणी हाच मानला जातो. गाडीवर पार्सन्स भावंडंही होती. चार्ल्स तेव्हा १५ वर्षांचा होता.

पुढे डब्लिनचं ट्रिनिटी कॉलेज, मग केंब्रिजचं सेंट जॉन्स. १८७७ मध्ये गणितात अकरावा नंबर काढून ते बाहेर पडले. अर्लचा मुलगा आणि गणिताचा हुशार विद्यार्थी, म्हणजे आता एखादी आरामाची जागा पकडणार असं कुणालाही वाटलं असतं. पार्सन्स गेले न्यूकॅसलला, आर्मस्ट्राँगच्या कारखान्यात अप्रेंटिस म्हणून.

सेकंदाला ३०० फेरे

१८८० चं दशक सुरू झालं होतं. विजेचा दिवा नुकताच आला होता. जहाजांवर, हॉटेलांत, श्रीमंतांच्या घरांत दिवे लावायला डायनॅमो हवे होते. डायनॅमोला हवा होता वेग. आणि त्या काळचं वाफेचं इंजिन म्हणजे दट्ट्या पुढे-मागे करणारं, धापा टाकणारं यंत्र. ते हळू फिरायचं. मग मोठ्या चाकावरून लहान चाकावर पट्टे टाकून वेग वाढवावा लागायचा. आवाज, हादरे, देखभाल, सगळीच कटकट.

वाफेच्या झोताने थेट चाक फिरवावं ही कल्पना जुनीच होती. अडचण वेगळी होती. जास्त दाबाची वाफ एका दमात मोकळी सोडली तर ती प्रचंड वेगाने सुटते. त्या वाफेचा नीट उपयोग करून घ्यायचा तर चाकाच्या कडेलाही तशाच वेगाने फिरावं लागतं. त्या काळचा धातू तेवढं सहन करू शकत नव्हता.

१८८४ मध्ये पार्सन्स गेट्सहेडच्या क्लार्क, चॅपमन कंपनीत धाकटे भागीदार म्हणून आले, आणि त्याच वर्षी त्यांनी याचं उत्तर पेटंट केलं. धबधब्यावरून एकदम उडी मारण्यापेक्षा पायऱ्यापायऱ्यांनी खाली उतरावं, तसं. वाफेचा दाब एकदम न सोडता पात्यांच्या अनेक ओळींमधून थोडा थोडा कमी करायचा. एक ओळ स्थिर, पुढची फिरणारी, पुन्हा एक स्थिर. प्रत्येक पायरीवर वाफेचा वेग आवाक्यात राहतो आणि सगळ्या पायऱ्या मिळून ताकद वसूल होते.

तरी ‘आवाक्यात’ म्हणजे किती? पार्सन्स यांचं पहिलं टर्बाइन मिनिटाला १८,००० फेरे मारायचं. सेकंदाला ३००! ताकद मात्र साडेसात किलोवॅट. म्हणजे आजच्या दोन-तीन फ्लॅटचे एसी आणि गीझर एकत्र चालतील, एवढीच. आज हे मशीन लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये आहे.

नको असलेला वेग

इथेच आपल्या मूळ प्रश्नाचा पहिला धागा सापडतो.

१८,००० आरपीएमला कुठलाही शाफ्ट शंभर टक्के समतोल नसतो. वजन केसभर जरी एका बाजूला जास्त असलं, तरी प्रत्येक फेऱ्याला शाफ्टला एक धक्का बसतो. आणि प्रत्येक शाफ्टची स्वतःची एक कंपनाची लय असते. गिटारच्या तारेसारखी. फेऱ्यांची लय आणि शाफ्टची लय जुळली की संपलं. धक्का छोटाच असतो, पण दर वेळी नेमक्या क्षणी बसतो आणि कंपन वाढत जातं. झोपाळ्यावर बसलेल्या मुलाला बरोबर वेळेवर हलका धक्का देत राहिलात तर झोपाळा किती उंच जातो, तसंच. यालाच म्हणतात रेझोनन्स, म्हणजे अनुनाद.

पार्सन्स यांनी शाफ्टला घट्ट जखडून ठेवलं नाही. त्यांनी बेअरिंगच्या भोवती वॉशरसारख्या कड्यांची चळत बसवली. एक कडी आतल्या नळीला टेकलेली, पुढची बाहेरच्या खोबणीला, अशी आलटून पालटून. त्यांना स्प्रिंगने दाबून ठेवलं आणि मध्ये तेल. शाफ्टला किंचित हलायची मुभा मिळाली, म्हणजे तो स्वतःच्या वजनाच्या मध्याभोवती फिरू लागला. आणि कड्यांच्या घर्षणाने कंपनाचा जोर गिळून टाकला.

आता एसटी स्टँडवर उभी असलेली बस आठवा. इंजिन आयडलवर असतं तेव्हा खिडकीची काच कशी खडखडते! गाडी सुटून वेग घेते तशी तीच काच गप्प बसते. वेग वाढला, तरी खडखड थांबली. कारण काचेची लय त्या हळू वेगाशी जुळत होती. म्हणजेच जास्त वेग वाईट आणि कमी वेग चांगला, असं सरळ गणित नसतं. प्रत्येक फिरणाऱ्या यंत्राचे काही नको असलेले वेग असतात. ते कधी वरच्या बाजूला असतात, कधी खालच्या.

आपलाच शोध, पण हात बांधलेले

१८८९ मध्ये भागीदारांशी पटेना म्हणून पार्सन्स बाहेर पडले आणि न्यूकॅसलजवळ हीटनला स्वतःची कंपनी काढली. पण पेटंट जुन्या कंपनीकडेच राहिलं. स्वतःच लावलेला शोध त्यांना स्वतःलाच वापरता येईना! मग त्यांनी वाफ शाफ्टच्या लांबीने न जाता मध्यातून कडेकडे जाईल, अशी वेगळ्या धर्तीची टर्बाइन बनवली आणि काम चालू ठेवलं. हातपाय गाळून बसणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. काही वर्षांनी जुनं पेटंट त्यांना परत मिळालं.

१८९० मध्ये न्यूकॅसलचं फोर्थ बँक्स वीज केंद्र सुरू झालं. लोकांना वीज पुरवणाऱ्या केंद्रात टर्बाइनवर चालणारे जनरेटर बसले, ते इथे पहिल्यांदा. ७५ किलोवॅटची मशीन, मिनिटाला ४,८०० फेरे, आणि विजेची फ्रीक्वेन्सी ८० हर्ट्झ.

हा आकडा कुठून आला? दोन ध्रुवांच्या जनरेटरमध्ये चुंबकाचा एक फेरा म्हणजे विजेची एक लाट. मिनिटाला ४,८०० फेरे म्हणजे सेकंदाला ८०. तेवढीच फ्रीक्वेन्सी. आज आपल्याकडे ५० हर्ट्झ आहे, म्हणजे असं मशीन मिनिटाला बरोबर ३,००० फेरे मारतंय. फ्रीक्वेन्सी हा त्या मशीनचा स्पीडोमीटरच समजा. ग्रिड ४७.५ हर्ट्झवर आली म्हणजे ग्रिडला जोडलेलं असं प्रत्येक टर्बाइन २,८५० वर आलं.

त्यानंतर वाढ झपाट्याने झाली. केंब्रिजसाठी बनवलेल्या टर्बाइनला कंडेन्सर जोडला आणि १८९२ च्या चाचणीत ते चांगल्या दट्ट्याच्या इंजिनाइतकंच काटकसरीने वाफ वापरतं हे सिद्ध झालं. १९०० मध्ये जर्मनीतल्या एल्बरफेल्डला प्रत्येकी १,००० किलोवॅटची दोन मशीन गेली. पहिल्या महायुद्धाच्या आधी शिकागोसाठी २५,००० किलोवॅटचं मशीन तयार झालं. साडेसातवरून पंचवीस हजार, तेही एका माणसाच्या हयातीत!

टर्बिनिया आणि कोब्रा

पार्सन्स यांचं नाव घराघरांत पोचलं ते मात्र एका बोटीमुळे. १८९४ मध्ये त्यांनी टर्बिनिया नावाची सुमारे ३१ मीटर लांबीची चिंचोळी बोट पाण्यात सोडली. ताकद भरपूर होती, पण बोट पळेना. पंखा इतक्या जोरात फिरत होता की त्याच्याभोवतीचं पाणी तुटून बुडबुडे व्हायचे आणि पंखा रिकाम्यात घुमायचा.

पार्सन्स यांनी काचेची खिडकी असलेली पाण्याची एक छोटी टाकी बनवली. आत छोटा पंखा, आणि बाहेरून फेऱ्यांच्या तालावर लुकलुकणारा प्रकाश. म्हणजे फिरता पंखा जागीच थांबल्यासारखा दिसतो आणि बुडबुडे उघड्या डोळ्यांनी पाहता येतात. आपण आज फोनवर स्लो-मोशन लावतो, तसाच हा जुगाड म्हणा ना! शेवटी एकाऐवजी तीन शाफ्ट आणि प्रत्येकावर तीन पंखे, असा मार्ग निघाला.

२६ जून १८९७. राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाला ६० वर्षं झाली म्हणून स्पिटहेडला आरमाराचं भव्य संचलन होतं. युद्धनौकांच्या रांगांमधून ही चिमुकली टर्बिनिया सुसाट निघाली. वेग सुमारे ३४ नॉट, म्हणजे ताशी ६० किलोमीटरच्या वर. तिला गाठेल अशी बोट आरमाराकडे नव्हती. यापेक्षा भारी प्रॉडक्ट लाँच शोधून सापडणार नाही.

आरमाराने टर्बाइनच्या विनाशिका घेतल्या. त्यातली वायपर ऑगस्ट १९०१ मध्ये खडकावर आदळून गेली. पुढच्याच महिन्यात, १८ सप्टेंबरला, कोब्रा वादळी समुद्रात मधोमध मोडली. ६७ जण बुडाले, फक्त १२ वाचले. मेलेल्यांत पार्सन्स यांच्या कारखान्यातले त्यांचे सहकारीही होते. चौकशीत दोष टर्बाइनचा नाही, तर जहाजाच्या कमकुवत सांगाड्याचा असल्याचा निष्कर्ष निघाला. पण माणसं गेली ती गेलीच. पार्सन्स थांबले नाहीत. १९०६ ची ड्रेडनॉट युद्धनौका आणि त्यानंतरची मॉरेटेनिया, दोन्हींना त्यांच्याच पद्धतीची टर्बाइन बसली.

४० हर्ट्झ चालतं, मग ४७ का नाही?

आता एक गंमत. पार्सन्स यांच्या न्यूकॅसल भागात विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जी मोठी वीज यंत्रणा उभी राहिली, ती ४० हर्ट्झवर चालायची. तीन दशकं चालली. मग ब्रिटनचं राष्ट्रीय ग्रिड आलं आणि सगळं ५० वर बदलावं लागलं. मग प्रश्न असा, की टर्बाइन ४० हर्ट्झला मजेत चालत असेल, तर ५० चं मशीन ४७ ला चालवलं तर काय बिघडलं?

बिघडतं, कारण प्रत्येक मशीन एका ठरावीक वेगासाठी ‘ट्यून’ केलेलं असतं. न्यूकॅसलचं ४० साठी होतं, आपलं ५० साठी आहे. ५० या आकड्यात जादू काही नाही. सगळी मेख आहे ती ट्यूनिंगमध्ये.

टर्बाइन मोठं होत गेलं तशी शेवटच्या ओळीतली पाती लांब होत गेली. आजच्या मोठ्या मशीनमध्ये ती मीटरभर लांब असतात आणि त्यांची टोकं आवाजाच्या वेगाच्या दीडपट वेगाने पळतात. असं लांब, पातळ पातं म्हणजे धातूची पट्टीच. टिचकी मारली की ती आपल्या लयीत थरथरणार.

वाफ सगळीकडून अगदी सारखी येत नाही. कुठे थोडी जास्त, कुठे कमी. त्यामुळे प्रत्येक फेऱ्यात पात्याला ठरावीक धक्के बसतात. सेकंदाला ५० फेरे असतील तर धक्क्यांची लय ५०, १००, १५०, २०० अशी पाढ्यासारखी असते. डिझायनर काय करतात, तर पात्याची स्वतःची लय या आकड्यांच्या मधल्या रिकाम्या जागेत बसवतात.

उदाहरण घेऊ. समजा एका पात्याची लय सेकंदाला १४२ आहे. ५० हर्ट्झला जवळचा धक्का १५० चा, म्हणजे बऱ्यापैकी अंतर आहे. आता फ्रीक्वेन्सी ४७.५ वर आली. पाढा झाला ४७.५, ९५, १४२.५. बसला की नाही धक्का नेमका पात्याच्या लयीवर!

आता हिशोब करा. सेकंदाला १४२ वेळा पातं वाकतंय. दहा मिनिटांत ८५ हजार वेळा, तासात पाच लाखांच्या वर. लोखंडी तार हाताने उलटसुलट वाकवत राहिलं की शेवटी ती तुटते, हे आपण सगळ्यांनी करून पाहिलंय. हा झाला धातूचा थकवा. आणि हा थकवा झोप काढून जात नाही, साचत जातो. आज पाच मिनिटं, पुढच्या महिन्यात सात, असं करत सगळं खात्यावर जमा होतं. बाहेरून काहीच दिसत नाही. मग एखाद्या साध्या दिवशी, बरोबर ५० हर्ट्झला चालू असताना, पातं तुटतं.

विल्फ्रेड कॅम्पबेल या अमेरिकेतल्या इंजिनिअरने चाकांच्या अशा मोडतोडीचा पिच्छा पुरवला आणि १९२४ मध्ये आपला अभ्यास मांडला. आडव्या रेषेवर वेग, उभ्या रेषेवर कंपन, आणि रेषा जिथे एकमेकींना छेदतात तिथे धोका. इंजिनिअर आजही तो तक्ता कॅम्पबेलच्याच नावाने ओळखतात.

इथे कुणीतरी विचारेल, मशीन सुरू करताना शून्यापासून ३,००० पर्यंत जाताना २,८५० लागतंच ना? लागतं. पण तेव्हा मशीनवर लोड नसतो, वाफ कमी असते आणि तो टप्पा झटकन ओलांडला जातो. पूर्ण लोडवर, भरपूर वाफ आत येत असताना तिथे मुक्काम ठोकणं, ही भानगड वेगळी.

पात्यांपलीकडचे धोके

पात्यांचं दुखणं सगळ्यात मोठं, पण एकटं नाही.

जनरेटर आणि ट्रान्सफॉर्मरच्या लोखंडात किती चुंबकत्व भरतं, हे व्होल्टेज भागिले फ्रीक्वेन्सी यावर ठरतं. व्होल्टेज तेवढंच ठेवून फ्रीक्वेन्सी ४७.५ केली तर चुंबकत्व पाच टक्क्यांनी वाढतं. लोखंडाची क्षमता संपली की ते बाहेर सांडतं आणि जिथे जायला नको तिथे उष्णता तयार करतं. वर जनरेटरला थंड ठेवणारे पंखे त्याच शाफ्टवर असतात. तेही मंदावतात. गरमी वाढली, पंखा कमी.

त्यानंतर येतं दुष्टचक्र. बॉयलरला पाणी देणारे पंप आणि हवा देणारे पंखे बऱ्याचदा याच विजेवरच्या मोटारींवर चालतात. वेग पाच टक्के घटला की पंपाचा दाब जवळपास दहा टक्के घटतो. पाणी कमी, वाफ कमी, वीज कमी. वीज कमी म्हणून फ्रीक्वेन्सी आणखी खाली. अशी घसरगुंडी एकदा लागली की आवरणं कठीण.

पातं तुटल्यावर काय होतं, हे आपल्या देशाने पाहिलंय. ३१ मार्च १९९३ ला उत्तर प्रदेशातल्या नरोरा अणुवीज केंद्रात टर्बाइनची दोन पाती धातूच्या थकव्याने तुटली. समतोल गेला, भयंकर हादरे बसले, जनरेटरमधला हायड्रोजन बाहेर आला आणि मोठी आग लागली. किरणोत्सर्ग बाहेर पडला नाही, हे नशीब. तिथे पाती का थकली हा वेगळा विषय. पण मुठीत मावणाऱ्या तड्यातून केवढं रामायण घडू शकतं, ते यातून कळतं.

लाईट गेली म्हणून मशीन वाचलं

म्हणूनच टर्बाइनला राखणदार बसवलेले असतात. फ्रीक्वेन्सी घसरली की आधी ग्रिडवरचे रिले टप्प्याटप्प्याने काही भागांची वीज आपोआप तोडतात, म्हणजे मागणी कमी होऊन फ्रीक्वेन्सी सावरते. तरीही ती खाली गेली, तर बऱ्याच ठिकाणी ४७.५ च्या आसपास टर्बाइन स्वतःच ग्रिडपासून सुटून बाजूला होतं. त्याआधीच्या पट्ट्यात किती मिनिटं काढायची, याचाही हिशोब ठरलेला असतो.

हा हिशोब किती कडक असतो? १५ फेब्रुवारी २०२१ ला अमेरिकेत टेक्सासमध्ये कडाक्याच्या थंडीत केंद्रं बंद पडत गेली. तिथे ६० हर्ट्झ असतात. फ्रीक्वेन्सी ५९.३ पर्यंत घसरली. ५९.४ च्या खाली नऊ मिनिटं काढली असती, तर उरलेली बरीच केंद्रंही स्वतःला वाचवायला बाहेर पडली असती आणि अख्खं ग्रिड झोपलं असतं. ऑपरेटर्सनी लाखो घरांची वीज तोडली आणि फ्रीक्वेन्सी वर आणली. हाताशी उरली होती फक्त ४ मिनिटं ३७ सेकंद.

आपल्याकडे २००२ पूर्वी संध्याकाळच्या वेळी फ्रीक्वेन्सी ४९ च्या खाली जाणं ही रोजचीच गोष्ट होती. मागणी जास्त, वीज कमी, आणि ग्रिडमधून ओढायला सगळेच पुढे. महाराष्ट्र ज्यात येतो त्या पश्चिम विभागात १ जुलै २००२ पासून नवी दरपद्धत आली. फ्रीक्वेन्सी खाली असताना ठरल्यापेक्षा जास्त वीज ओढली की जास्त पैसे मोजायचे. खिशाला चटका बसू लागला तशी शिस्त आली. ३१ डिसेंबर २०१३ ला रायचूर-सोलापूर लाईन जोडली गेली आणि सगळा देश एका फ्रीक्वेन्सीवर आला. म्हणजे आज पंजाबात लोड वाढला तरी चंद्रपूरच्या टर्बाइनला ते जाणवतं. आता ४९.९० ते ५०.०५ हा ठरलेला पट्टा आहे.

कोयनेसारख्या जलविद्युत केंद्रातलं टर्बाइन हळू फिरतं, त्याची पाती आखूड आणि जाडजूड. ते फ्रीक्वेन्सीच्या चढउताराला फार घाबरत नाही. नाजूक आहे ते वाफेचं, पार्सन्स यांच्या वंशातलं.

शेवटचा प्रवास

पार्सन्स यांच्या वाट्याला मानसन्मान भरपूर आले. १९११ मध्ये सर ही पदवी, १९२७ मध्ये ऑर्डर ऑफ मेरिट. दुःखही आलं. एकुलता एक मुलगा पहिल्या महायुद्धात १९१८ मध्ये मारला गेला. मुलगी रेचल इंजिनिअर झाली आणि १९१९ मध्ये स्थापन झालेल्या ब्रिटनच्या महिला इंजिनिअरांच्या संस्थेची पहिली अध्यक्ष बनली. पत्नी कॅथरीन यांचाही त्या संस्थेच्या उभारणीत मोठा वाटा होता.

सगळंच जमलं असंही नाही. कृत्रिम हिरे बनवण्यासाठी पार्सन्स यांनी वर्षानुवर्षं आणि बक्कळ पैसा खर्च केला, हाती काही लागलं नाही. दाबाखालच्या हवेने ग्रामोफोनचा आवाज मोठा करणारं एक यंत्रही त्यांनी बनवलं. एका अर्थी तो लाऊडस्पीकरचा दूरचा आजोबा. कंपनं आवरण्यात आयुष्य घालवलेल्या माणसाने विरंगुळा म्हणून कंपनं वाढवायचं यंत्र बनवावं, हेही खासच.

११ फेब्रुवारी १९३१ ला वेस्ट इंडिजच्या प्रवासात, जमैकाच्या किंग्स्टनजवळ, जहाजावरच त्यांचं निधन झालं. ते जहाजही टर्बाइनवर चालणारं होतं.

आता पुढच्या वेळी अचानक लाईट गेली की वैतागणं साहजिक आहे. बहुतेक वेळा कारण लोकलच असतं, झाडाची फांदी नाहीतर उडालेला फ्यूज. पण कधीतरी असंही असतं, की कुठेतरी दूर ३,००० आरपीएमला फिरणारं एक पातं थकू नये म्हणून एका रिलेने तुमचा फीडर काही मिनिटांसाठी बंद केलेला असतो. तुमचा फोन तेवढा वेळ बॅटरीवर तग धरतो. तुटलेलं टर्बाइन मात्र दुरुस्त व्हायला महिनोन्‌महिने लागतात.

चार्जरवरचं ते ५० आता नुसता आकडा वाटणार नाही, हो ना? फ्रीक्वेन्सीबद्दल आणखी काही प्रश्न असतील तर खाली जरूर विचारा. आणि एसटीची काच का खडखडते, हे तुमच्या मित्रालाही सांगा.